सदतीसला एक

कर्जत स्टेशनात पुण्याकडे निघालेली गाडी थांबली की बहुतेकांचं लक्ष बटाटेवड्याकडे जातं. त्याच काही मिनिटांत गाडीच्या शेपटाशी एक काम उरकत असतं. शेवटच्या डब्यामागे जादा इंजिनं येऊन टेकतात, कपलिंग अडकवलं जातं आणि गाडी घाटाला लागते तेव्हा पुढचं इंजिन तिला ओढत असतं, मागची तिला रेटत असतात. रेल्वेवाले या मागच्या इंजिनांना बँकर म्हणतात. बल आणि गती हे धडे आपल्याकडे मुलांना सहावीच्या विज्ञानाच्या पुस्तकात भेटतात, गतीचे नियम थेट नववीत. कर्जतच्या फलाटावर मात्र आईच्या कडेवरचं पोरसुद्धा हा सगळा धडा उघड्या डोळ्यांनी बघत असतं, फक्त त्याला तो कुणी दाखवत नाही.

मूल तीन वर्षांचं झालं की आगगाडी ओढायला लागतं. न्यूटन त्याला चौदाव्या वर्षी भेटतो. मधल्या अकरा वर्षांत त्याचं डोकं रिकामं राहत नाही. गतीविषयीचं एक पूर्ण शास्त्र ते स्वतःच रचतं. हलणाऱ्या वस्तूत जोर भरलेला असतो, तो संपला की वस्तू थांबते, आणि हलती ठेवायची तर तिला सतत ढकलावं लागतं, असं ते शास्त्र सांगतं. हे चुकीचं आहे, पण बावळट नाही. ज्या मुलाचं जग अंगण, माती, चटई आणि फरशी एवढंच आहे त्याला दुसरं काही सुचायचं कारण नाही. दोन हजार वर्षं मोठमोठ्या विद्वानांचीही समजूत साधारण अशीच होती. १९८०च्या सुमारास अमेरिकेत जॉन क्लेमंट, मायकेल मॅक्लॉस्की यांच्यासारख्या संशोधकांनी कॉलेजातल्या विद्यार्थ्यांना अगदी साधे प्रश्न विचारून पाहिले. भौतिकशास्त्राच्या परीक्षा पास झालेल्या अनेकांच्या उत्तरांत लहानपणचं तेच शास्त्र जसंच्या तसं सापडलं. सूत्रं पाठ झाली होती, समजूत जागची हलली नव्हती.

म्हणून मला हा विषय लहान मुलांचा वाटतो. नववीत तो शिकवायला घेणं म्हणजे पक्क्या झालेल्या भिंती फोडणं. सात-आठ वर्षांच्या मुलांपुढे बल, जडत्व, घर्षण हे शब्द आधी ठेवायचे नाहीत, गाडी ठेवायची. आणि त्यांना गाडीच्या पळण्याकडे बघायला शिकवायचं नाही. गाडी सुटते, थांबते, वळते, चढते, त्या क्षणांकडे बघायला शिकवायचं. सगळा जोर तिथे असतो.

हे प्रत्यक्षात कसं घडतं ते मी कर्जत तालुक्यातल्या एका जिल्हा परिषदेच्या शाळेत बघितलं. दुसरी-तिसरीची मुलं एकत्र बसलेली. बाईंनी एका फळीचं टोक विटेवर ठेवून घसरण केली होती. शेजारी काडेपेटीचे डबे, औषधाच्या बाटल्यांच्या बुचांची चाकं, आस म्हणून खराट्याची काडी आणि ती फिरावी म्हणून रिकाम्या रिफिलचा तुकडा. घसरणीवरून डबा सोडला, खाली पसरलेल्या गोणपाटावर तो वीतभर गेला आणि थांबला.

“का थांबला रे?”

“दमला, बाई.”

“जोर संपला त्याचा.”

बाईंनी चूक म्हटलं नाही, बरोबरही म्हटलं नाही. गोणपाट काढलं. तोच डबा त्याच उंचीवरून शहाबादी फरशीवर सोडला. तो बराच पुढे गेला. मग सरकत्या खिडकीची जुनी अ‍ॅल्युमिनियमची पट्टी फरशीवर अंथरली, चाकं तिच्या खाचेत बसवली आणि डबा पुन्हा सोडला. आता तो पट्टीच्या टोकापर्यंत पोचला आणि खाली पडला. वर्गात आरडाओरडा झाला. बाईंनी विचारलं, तिन्ही वेळा उंची तेवढीच होती, मग जोर कमीजास्त कुठून आला? बराच वेळ कुणी बोललं नाही. मग मागच्या रांगेतली एक मुलगी म्हणाली, “पोत्यानं धरलं त्याला.” दुसऱ्यानं लगेच जोडलं, “फरशीनंपण धरलं, पण जरा उशिरा.” बाईंनी पुढचा प्रश्न टाकला: धरणारं कुणीच नसेल तर? “मग पुण्याला जाईल,” तिसरीतला एक मुलगा म्हणाला.

चारशे वर्षांपूर्वी गॅलिलिओ उतरंडीवरून गोळे सोडून ज्या निष्कर्षाकडे निघाला होता, त्याच वाटेवर हा मुलगा उभा होता. अडवणारं काही नसेल तर सपाटीवर चालणारी वस्तू चालतच राहील. हे उत्तर त्याला बाईंनी दिलेलं नव्हतं. त्यांनी फक्त उंची तीच ठेवली आणि जमीन बदलली. चांगल्या प्रयोगाची सगळी कला एक गोष्ट बदलून बाकीच्या जागच्या जागी ठेवण्यात असते, आणि ती आठ वर्षांच्या मुलाला कळते.

या कामासाठी आगगाडीच का? मोटार, सायकल, बैलगाडी चालणार नाही का? चालेल, पण आगगाडीइतकं स्वच्छ उत्तर त्या देत नाहीत. पोलादी चाक पोलादी रुळाला टेकतं ती जागा सुमारे एक चौरस सेंटिमीटर असते. दोन्ही कडक, त्यामुळे दबणं-फुगणं अगदी थोडं. एक टन वजन सपाट रुळांवर सावकाश चालतं ठेवायला दोन-तीन किलो वजनाइतकी ओढ पुरते. डांबरी रस्त्यावर रबरी टायरच्या गाडीला याच्या कित्येक पट लागते. जमिनीचा अडथळा रुळांवर इतका कमी होतो, की गतीचा मूळ स्वभाव उघडा पडतो. स्टेशन यायच्या कितीतरी आधी मोटरमन लोकलची वीज तोडतो आणि गाडी आपली धावत असते, ती यामुळेच. प्रवासी मुलाला हे नुसतं ऐकायला सांगायचं. डब्याखालची मोटारींची घरघर बंद झाली, तरी खिडकीतले खांब मागे पळताहेत.

घाटाचा धडा मात्र शाळेत पहिल्या खेपेला फसला, आणि तो फसला म्हणूनच रंगला. भोर घाटात रुळांचा चढ सदतीसला एक आहे. सदतीस मीटर पुढे गेलं की एक मीटर वर. बाईंनी एकशेपंच्याऐंशी सेंटिमीटरची फळी घेतली आणि तिचं एक टोक पाच सेंटिमीटर उचललं. हिशोब बरोबर. मुलांना चढ दिसेचना. “हा कसला घाट?” एकानं विचारलं. काडेपेटीचा डबा वरच्या टोकाला ठेवला तर तो खाली घरंगळलाही नाही, ठेवला तिथेच बसून राहिला. मग खंडाळ्याहून सुटलेली खरी गाडी ब्रेक नसेल तर कर्जतला कशी येते, या प्रश्नाशी सगळे अडले.

उत्तर गावातच होतं. गावाकडची मुलं गॅरेजमधून जुनी बेअरिंगं आणून तीन चाकांची गाडी करतात आणि उतारावर दामटतात. ती गाडी वर्गात आली. फळीवर ठेवताच तीच पाच सेंटिमीटरची चढण तिला घेऊन खाली निघाली. खराट्याच्या काडीचं घर्षण चढाला गिळून टाकत होतं, बेअरिंगनं ते काढून टाकलं आणि घाट दिसू लागला. पुढे बाईंनी गाडीला दोरी बांधली, ती फळीच्या टोकाशी दोऱ्याच्या रिळावरून खाली सोडली आणि टोकाला कागदी पेला अडकवला. पेल्यात मुलं चिंचोके टाकू लागली. फळी सपाट असताना गाडी हलायला जेवढे चिंचोके लागले, त्याच्या चौपटीच्या आसपास ती चढवायला लागले. मोजायला सगळ्यांना यायचं होतं. दोनदा मोजले, दोनदा आकडा वेगळा आला, तेव्हा तिसऱ्यांदा मोजायचं असतं हेही त्यांना त्याच दिवशी कळलं.

आता खऱ्या गाडीचा हिशोब मांडू. तो मोठ्यांनीही एकदा करावा असा आहे. हजार टनांची गाडी धरा. सपाटीवर तिला चालती ठेवायला दोन-तीन टन वजनाइतकी ओढ पुरते. सदतीसला एक चढावर नुसत्या चढापोटी हजार भागिले सदतीस, म्हणजे २७ टन वाढले. आज एक्स्प्रेस गाड्यांना लागणारं डब्ल्यूएपी-७ इंजिन १२३ टनांचं आहे. त्याला स्वतःलाही चढायचं आहे, त्याचे तीन-साडेतीन टन. बेरीज ३३ टनांच्या घरात गेली. कोरड्या रुळावर पोलादी चाकाची पकड वजनाच्या साधारण पाव हिश्श्याइतकी धरतात. म्हणजे १२३ टनांच्या इंजिनाला ३० टनांच्या वर ओढ लावायला गेलं की चाकं जागच्या जागी फिरू लागायची. इंजिनात ताकद किती कोंबली तरी रूळ त्याहून जास्त देत नाही. म्हणून कर्जतला बँकर लागतात. जे गुळगुळीतपण सपाटीवर गाडीला सुखानं पळवतं तेच घाटात आड येतं, आणि ते मुलांना दोन्ही बाजूंनी दाखवायला हवं. घर्षण हा शत्रू आहे असं सांगून मोकळं होणाऱ्या शिक्षकानं एकदा पावसाळ्यात घाट बघावा. रुळांवर ओल आणि पालापाचोळा असला की पकड आणखी घटते. इंजिनात त्यासाठी वाळूच्या पेट्या असतात आणि चाकाच्या पुढ्यात रुळावर वाळू सोडली जाते. फळीला तेलाचं बोट लावून आणि मग चिमूटभर वाळू टाकून हा प्रयोग कुठल्याही वर्गात होतो.

बँकर मागेच का, पुढे का नाहीत? या प्रश्नाला मुलांनी दिलेलं पहिलं उत्तर “मागे जागा असते म्हणून” असं होतं. मग त्यांनी मैदानात झुकझुक गाडी केली. पंधरा-सोळा मुलं, प्रत्येकानं पुढच्याचा सदरा धरलेला. मैदानाच्या कडेच्या चढावर पुढच्या पोरानं जोर लावला तेव्हा सगळ्यात जास्त ताणला गेला तो त्याचाच सदरा. शेवटच्या मुलाचा कुणी ओढतच नव्हतं. घाटातही पुढच्या इंजिनामागच्या पहिल्या कपलिंगवर अख्ख्या गाडीचा भार येतो. अर्धा जोर मागून लागला की तो ताण उतरतो, आणि समजा मध्ये कुठे कपलिंग तुटलंच तर मागचे डबे उतारावरून सुटत नाहीत, बँकर त्यांना धरून असतात. याच खेळात मुलांना आणखी एक गोष्ट सापडली. पुढचा पळायला लागला तरी मागचा लगेच हलत नाही. सदरे एकामागून एक ताणले जातात आणि झटका मागे मागे सरकतो. मालगाडी सुटताना ‘खड खड खड’ असा आवाज इंजिनापासून गार्डापर्यंत धावत जातो तो हाच. कपलिंगमधली थोडी ढिलाई इंजिनाच्या सोयीची असते, कारण सगळं वजन एकाच क्षणी हलवावं लागत नाही.

हा घाट बांधला गेला ते दिवसही मुलांना सांगण्यासारखे आहेत, कारण सदतीसला एक हा आकडा आकाशातून पडलेला नाही. जेम्स बर्कली या ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेच्या मुख्य अभियंत्यानं सह्याद्रीची ही भिंत वर्षानुवर्षं पायाखाली घातली. सुमारे २५ किलोमीटरांत साडेपाचशे मीटरहून अधिक चढायचं होतं. चढ सौम्य करायचा तर वाट लांबवायची, आणि लांबवायला डोंगरात जागा नव्हती. कंत्राटदार सॉलोमन ट्रेडवेल १८५९ मध्ये इथे आल्यावर थोड्याच दिवसांत वारला, तेव्हा त्याची पत्नी अ‍ॅलिस हिनं कंत्राट पुढे चालवून काम तडीला नेलं. ऐन भरात ४० हजारांहून अधिक मजूर राबत होते. पटकी आणि तापानं त्यांतले हजारो गेले. त्यांची नावं कुठे लिहिलेली नाहीत. १८६३ मध्ये घाट खुला झाला, तरी एके ठिकाणी गाडी थांबवून इंजिन दुसऱ्या टोकाला लावावं लागे आणि उलट्या दिशेनं पुढची चढण सुरू होई. ते रिव्हर्सिंग स्टेशन १९२९ मध्ये नवी वाट काढल्यावर सुटलं.

उतरणं चढण्याहून अवघड, हे डोंगराजवळच्या मुलांना सांगावं लागत नाही. उतरणाऱ्या गाडीसाठी घाटात कॅच सायडिंग आहेत, म्हणजे मुख्य मार्गापासून फुटून उलट चढावर नेलेली रुळांची फाटी. तिथला सांधा एरवी या फाट्याकडेच लावलेला असतो. मुंबईकडे येणाऱ्या गाड्या ठाकूरवाडीसारख्या ठिकाणी वर्षानुवर्षं थांबत आल्या, त्या प्रवासी घेण्यासाठी नव्हे. गाडी थांबली याचा अर्थ तिचा ब्रेक शाबूत आहे, मग सांधा बदलून तिला मुख्य मार्ग द्यायचा. न थांबणारी गाडी आपोआप चढावर जाते आणि चढच तिचा वेग खाऊन टाकतो. बाईंनी फळीच्या पायथ्याशी दुसरी फळी उलटी चढती लावली. बेअरिंगची गाडी भरधाव खाली आली, दुसऱ्या फळीवर चढली, मंदावली, क्षणभर थांबली आणि मागे फिरली. मुलांनी हा खेळ सुट्टीची घंटा होऊन गेली तरी सोडला नाही.

सामान फार महाग लागत नाही, हे आपल्याकडे दाखवून झालेलं आहे. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ मध्ये बोर्डीला आणि पुढे कोसबाडच्या टेकडीवर बालवाडी चालवली तेव्हा माँटेसरीच्या परदेशी साधनांची वाट बघितली नाही. शिंपले, बिया, खडे, पानं यांतून साधनं उभी केली. अरविंद गुप्ता यांनी काडेपेटीच्या काड्या आणि सायकलच्या व्हॉल्व्ह ट्यूबचे तुकडे जोडून खेळणी केली. मध्य प्रदेशात १९७२ मध्ये सुरू झालेल्या होशंगाबादच्या विज्ञान शिक्षण कार्यक्रमाशी त्यांचं ते काम जोडलेलं होतं. पुढे पुण्यात आयुकाच्या मुक्तांगण विज्ञान शोधिकेत त्यांनी वर्षानुवर्षं मुलांच्या हातात अशीच खेळणी दिली. ती शोधिका ज्या ‘पुलस्त्य’ वास्तूत आहे ती पु. ल. देशपांडे प्रतिष्ठानच्या देणगीतून उभी राहिली. पुण्यातच कोथरूडला जोशींचं छोट्या रेल्वेगाड्यांचं संग्रहालय आहे. तिथे मुलांना न्यावंच, पण तिथे हात लावता येत नाही आणि हा विषय हातानं शिकायचा आहे.

मुंबईच्या मुलाला तर प्रयोगशाळा रोज दाराशी येते. दुपारच्या रिकाम्या लोकलमध्ये बसल्यावर हातभर दोऱ्याला चावी बांधून ती सामानाच्या फळीला टांगायची. गाडी सुटताना चावी बोटभर मागे झुकते, ब्रेक लागताना पुढे. मधल्या वेळात, गाडी कितीही वेगात असो, एकसारखी धावत असेल तर चावी डब्याच्या हेलकाव्यांनी थोडी डुलते, पण सरासरी सरळ खाली लोंबते. ही शेवटची गोष्ट सगळ्यात महत्त्वाची, आणि मुलाचं लक्ष तिच्याकडे मुद्दाम वेधावं लागतं. १६३२ सालच्या ग्रंथात गॅलिलिओनं हेच समजावताना संथ चालणाऱ्या जहाजाची बंद खोली कल्पिली होती. आत फुलपाखरं उडताहेत, थेंब खालच्या भांड्यात सरळ पडताहेत, आणि त्यावरून जहाज चालतंय की उभं आहे ते सांगता येत नाही. चावी कंटाळवाणी वाटली तर पाण्याची बाटली थोडी रिकामी ठेवून झाकण लावायचं आणि आडवी धरायची. गाडी सुटताच आतला बुडबुडा मागे नाही, पुढे धावतो. का, हे लगेच सांगून टाकू नये. मूल दोन-तीन स्टेशनं विचार करतं.

या शिकवणीत एक भाग असा आहे की तो मला बाकी सगळ्याच्या वर वाटतो. रुळांलगतच्या वस्त्यांत राहणारी मुलं रोज रूळ ओलांडून शाळेत जातात. ‘रुळावर जाऊ नका’ हे त्यांनी हजार वेळा ऐकलेलं असतं. त्यांना आकडे द्यावेत. ताशी ११० किलोमीटर वेगाची गाडी एका सेकंदात ३० मीटर येते. दोनशे मीटरवर दिसलेली गाडी सात सेकंदांच्या आत अंगावर असते. चालकानं त्याच क्षणी पूर्ण ब्रेक लावला तरी तिला थांबायला पाऊण ते एक किलोमीटर लागू शकतो. चालक वाईट नसतो, ब्रेक खराब नसतो. वजन, वेग आणि गुळगुळीत रूळ यांचा तो हिशोब आहे. मैदानात तीस-तीस मीटरवर फक्कीच्या रेघा मारून, प्रत्येक टाळीला एक रेघ पुढे सरकायचं ठरवलं की तिसऱ्या टाळीपर्यंत मुलांचे चेहरे बदलतात. पळत जाऊनही त्यांना रेघ गाठता येत नाही. हे प्रयोग खऱ्या रुळांवर कधीही करू नयेत. रुळावर नाणं किंवा दगड ठेवणं हा गुन्हा तर आहेच, त्यापायी मुलं दगावली आहेत.

शाळेतल्या शेवटच्या तासाला एका मुलीनं विचारलं, “बाई, इंजिनाला स्टिअरिंग नसतं, मग ते वळतं कसं?” चाकांच्या आतल्या बाजूला कडा असते म्हणून, असं पटकन सांगता येतं. पण बहुतेक सौम्य वळणांवर ती कडा रुळाला लागतही नाही. खरी करामत चाकाच्या निमुळतेपणात आहे. चाक आतल्या बाजूला किंचित मोठं आणि बाहेरच्या बाजूला लहान असतं. वळणावर चाकांची जोडी जराशी बाहेर सरकते. बाहेरचं चाक मग मोठ्या घेरावर आणि आतलं लहान घेरावर फिरतं. एका फेरीत बाहेरचं जास्त अंतर कापतं आणि जोडी आपोआप वळते. नेरळ-माथेरानच्या दोन फुटी मार्गावर वळणं इतकी आवळ आहेत की तिथे एवढ्यानं भागत नाही. १९०७ मध्ये तिथे धावू लागलेल्या जर्मन इंजिनांना म्हणूनच वळणानुसार बाजूला सरकणारे आस दिलेले होते.

बाईंनी हे काहीच सांगितलं नाही. दोन कागदी पेले तोंडाला तोंड लावून चिकटपट्टीनं जोडले आणि दोन लांब कामट्यांच्या तिरक्या रुळांवर सोडले. पेले डावीकडे झुकले, उजवीकडे झुकले आणि नीट खालपर्यंत आले. मुद्दाम वाकडे सोडले तरी स्वतःला सावरत आले. “आणि बुडाला बूड लावलं तर?” त्याच मुलीनं विचारलं. बाईंनी चिकटपट्टी तिच्या हातात दिली. नवी जोडी कामट्यांवरून वीतभर गेली आणि पडली. तिनं पुन्हा सोडली, ती पुन्हा पडली. मग ती खाली बसली आणि दोन्ही जोड्या दोन हातांत धरून शेजारच्या मुलाला मोठ्यानं समजावू लागली.